ताण्याचं टोक

आमच्या शहापुरात एकट्यानं करायची कामं दोनच, मागावर बसणं आणि मरणं. बाकी सगळ्याला गल्ली लागते. पांजणीला तर लागतेच.

पांजणी म्हणजे विणायच्या आधी ताण्याच्या उभ्या सुताला खळ लावणं. एवढा लांब ताणा घरात मावत नाही. म्हणून तो सकाळी रस्त्यावर ताणायचा, दोन्ही टोकांना माणसं उभी करायची आणि मधे बाकीच्यांनी कुंचे फिरवायचे. टोक धरणाऱ्यानं हात सैल सोडला की सुतांना झोळ पडतो, ती एकमेकांना चिकटून वाळतात, आणि मग तो ताणा दोरखंड वळायच्या लायकीचा उरतो. एकदा पांजणी बिघडली की देवानं हात लावला तरी सुधारत नाही.

हे आधी सांगते, कारण माझ्या भावाचं जे काही झालं ते या टोकावरच झालं.

माझा भाऊ बसवंत. मी त्याला अण्णा म्हणायची, तो मला बाया म्हणायचा. माझा नवरा मी कळती व्हायच्या आतच गेला आणि मी माहेरी परत आले. पुढे प्लेगात वहिनी गेली. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. तो मागावर, मी रहाटावर सुताच्या कांड्या भरत. दिवसभरात चार शब्द बोलायचो, त्यातले दोन भाकरीबद्दल.

आम्ही देवांग विणकर, आमची देवी चौडम्मा. पौषातल्या पुनवेला तिला गल्लीतर्फे साडी नेसवतात. हिरवं अंग, तांबडे रेशमी काठ. एवढ्या रुंद पन्ह्याचे माग गल्लीत दोनच, एक आमचा आणि एक समोरच्या जोतिबाचा. साडी कुणी विणायची ते दसऱ्याला कौल लावून ठरायचं. पुजारी रवळू मूर्तीच्या दोन खांद्यांवर ओली फुलं चिकटवायचा. उजवं जोतिबाच्या घराचं, डावं आमचं. आधी पडेल त्याचा मान.

आमचं कधी पडलंच नाही. मूर्तीचा डावा हात उगारलेला, फूल तिथं खोबणीत जाऊन बसायचं. आंधळ्यालाही दिसावं असं ते होतं. मी एकदा रवळूला विचारलंही होतं, "डाव्या खांद्याला डिंक लावतोस व्हय रं?" तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही. अण्णाला म्हटलं, बाजू बदलून माग. तो म्हणाला, "देवीला शिकवू नगं, बाया."

आणि रीत अशी होती की ज्या घराला कौल मिळाला नाही, त्या घरच्या माणसानं देवीच्या पांजणीला ताण्याचं लांबचं टोक धरायचं. रुसवा राहू नये म्हणून पूर्वजांनी घातलेली रीत. पूर्वजांना रुसव्यातलं काय कळत होतं कोण जाणे. दरवर्षी अण्णा लांबचं टोक धरून उभा राहायचा, या टोकाला जोतिबा. जोतिबा गोलमटोल, हसरा, तोंडाचा पट्टा अखंड चालू. "बसवंता, धर की नीट! देवीला झोळाची साडी नेसवतोस काय?" असं ओरडायचा आणि गल्ली हसायची. अण्णा हसायचा नाही. पण हात त्यानं कधीही सैल सोडला नाही, हे मी चौडम्मेची शपथ घेऊन सांगेन. खळ वाळेपर्यंत त्याच्या मनगटाच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या असायच्या.

मानमोडीचा ताप आला त्या वर्षीच्या नवरात्रात निपाणीहून एक बुवा प्रवचनाला आले होते. उपरण्याला तंबाखूचा वास, आवाज मात्र खडा. एका संध्याकाळी त्यांनी माणसाचे सहा शत्रू सांगायला घेतले. म्हणाले, "काम पहिला, मत्सर शेवटचा. दोघांना एका माळेत ओवलंय म्हणून सारखे समजू नका. कामाला काहीतरी हवं असतं. भुकेल्याला भाकरी हवी, वांझेला लेकरू हवं. अती झालं तर तोही बुडवतो, पण मागण्यात लाज नाही, देवीपुढं पदर पसरा. मत्सराला स्वतःला काहीच नको असतं. त्याला शेजाऱ्याच्या ताटातली भाकरी करपलेली बघायची असते."

लोकांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय लागतं!

तेवढ्यात अण्णा उठून उभा राहिला. चारचौघांत तोंड न उघडणारा माझा भाऊ. म्हणाला, "बुवा, भाकरी एकच असंल तर?"

सगळ्या गल्लीला कळलं तो कशाबद्दल बोलतोय. हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं जोतिबा हसला. "बसवंता, ह्या साली माझ्या खांद्याचं फूल काढून तुझ्या खांद्याला लावतो रं!"

बुवा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "एकच असली तर दोन्ही सारखेच दिसतात, बाबा. आपलं कुठलं ते ज्याचं त्यालाच कळतं, वेळ आली की."

मला राग आला. निपाणीपासून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि इथं येऊन हे सांगायचं! ज्याचं त्याला कळत असतं तर बुवा कशाला लागले असते?

दसऱ्याला फूल जोतिबाचंच पडलं. पांजणी झाली, अण्णानं टोक धरलं, ताणा जोतिबाच्या मागावर चढला. साडी अर्ध्यावर आली आणि ताप आला.

शहापूर तेव्हा सांगलीकरांचं आणि बेळगाव इंग्रजांचं, पण ताप दोन्हीकडं सारखाच होता. जोतिबा आणि अण्णा एकाच आठवड्यात पडले. शुद्ध आली की अण्णा विचारायचा, "जोतिबा कसा हाय?" मी म्हणायची, "बरा हाय." तो बरा नव्हता. तो गेला तेव्हा खांदा द्यायला गल्लीत धड चार माणसं उभी राहत नव्हती. त्याच्या आधी दोन घरांतून गेले होते, नंतर तीन घरांतून गेले. मी सगळ्यांकडे जाऊन आले. रडू कुणालाच येत नव्हतं. बायका भिंतीला टेकून बसायच्या, कुणी पेज दिली तर प्यायच्या, नाही दिली तर मागायच्या नाहीत. मीसुद्धा तशीच. पायात मुंग्या आल्यावर चिमटा काढला तरी कळत नाही, तसं सगळ्या अंगाला झालं होतं.

अण्णा उठून बसायला लागला तेव्हा मी त्याला खरं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "कधी?" मी सांगितलं. "माग?" म्हटलं, तसाच आहे, साडी अर्धी. त्यानं मान हलवली आणि ताटातली भाकरी संपवली. मला वाटलं, ताप अजून उतरला नसेल.

दिवाळी आली तशी गेली, पणत्या कुणी लावल्या नाहीत. मार्गशीर्ष लागल्यावर पंच देवळात बसले. केदारीआप्पा त्यांच्यातले मोठे. त्यांनी ठरवलं, देवीची साडी यंदा बसवंताच्या मागावर नव्यानं विणायची. जोतिबाच्या मागावरचं अर्धं कापड कापून वाहत्या पाण्यात सोडायचं. "मेलेल्याच्या हातचं सूत देवीच्या अंगाला लावायचं न्हाय," असं आप्पा म्हणाले. झालं. इतकी वर्षं जे फूल खोबणीत अडकून बसलं होतं, ते असं पडलं.

अण्णानं घरी येऊन आमचा माग पुसायला घेतला.

त्याच दुपारी मागच्या दारानं जयाबाई आली. जोतिबाची बायको, माझ्याहून बरीच लहान. कपाळ मोकळं झालेलं, त्यामुळे एकदम ओळखू येईना. आत ये म्हटलं तर उंबऱ्यातच बसली. म्हणाली, "बायाक्का, भरमूदादा मला म्हायेरी न्ह्यायला आलाय बोरगावास्नं. माग इकून टाकायचा म्हनतोय. इकू दे. मला काय बी नगं. पर तेवढं कापड कापू नका. ते देवीला जाऊ दे."

मी म्हटलं, "पंचांनी ठरवलंय, जया."

"मेलेल्याच्या हातचं म्हंत्यात. मेल्यावर इणलंय व्हय त्यांनी? जिता मानूस इणत हुता. रोज सांजच्याला उठताना त्या कापडावर हात फिरवून म्हनायचे, जया, ही लई गोड उतरत्या बघ." ती रडत नव्हती. कोरडं सांगत होती, बाजारचा भाव सांगावा तसं. "पोर न्हाय, बाळ न्हाय. त्यांचं म्हनून एवढंच हाय. पान्यात नगा टाकू."

अण्णा आतून ऐकत होता. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. तो बाहेर आला नाही. जयाबाई थोडा वेळ बसली आणि गेली. मी आत जाऊन म्हटलं, "ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग?"

"पंचांनी ठरवलंय," तो म्हणाला. मला त्याला कांडीनं मारावंसं वाटलं. माझ्या सख्ख्या भावाचा असा राग मला उभ्या जन्मात आला नव्हता. पण राग धरून ठेवायलाही अंगात बळ लागतं, आणि ते त्या वर्षी कुणाकडे नव्हतं. मी भाकऱ्या थापायला बसले.

आमच्या पांजणीचा दिवस उजाडला. थंडी चांगली होती, ऊन कोवळं, खळीला अगदी योग्य. रस्ता झाडून ताणा पसरला. वाचलेली माणसं कुंचे घेऊन आली. अण्णा या टोकाला उभा राहिला, जिथं दरवर्षी जोतिबा उभा राहायचा. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की लांबचं टोक धरायला कुणीच नाही. ते समोरच्या घरानं धरायचं. समोरच्या घरात एकटी जयाबाई, आणि विधवेचा हात देवीच्या ताण्याला चालत नाही. ते मला कुणी सांगायला नको. मी इतकी वर्षं कांड्या भरल्या, पण देवीच्या सुताची एक कांडी कधी भरली नाही.

केदारीआप्पा म्हणाले, "खुट्टी मारा आन् बांधा तिला."

कुणीतरी रस्त्यात खुंटी ठोकली आणि टोक तिला बांधलं. खुंटीनं ते माणसापेक्षा घट्ट धरलं, झोळ कुठंच नाही. आप्पांनी खूण केली, कुंचे खळीत बुडाले. अण्णानं ताणा ओढून धरला आणि मान वर करून पलीकडे बघितलं.

तो नुसता बघत राहिला. मी दारात उभी होते, मला त्याचा चेहरा दिसत होता. भरल्या बाजारात हाक मारावी आणि कुणी ओ देऊ नये, तसा तो दिसत होता. पलीकडे खुंटी होती आणि तिच्यामागे रिकामा रस्ता. मग त्याचे हात हळूहळू खाली आले. ज्या माणसानं शत्रूचासुद्धा ताणा कधी सैल सोडला नाही, त्यानं स्वतःचा सोडला. सुतांना झोळ पडला, ओली खळ लागलेली सुतं एकमेकांना चिकटली. "धर, धर!" असा एकच गलका झाला. अण्णा टोक जमिनीवर ठेवून घरात आला.

मी मागोमाग गेले. तो भिंतीला टेकून बसला होता.

"बाया," तो म्हणाला, "मला साडी नगं हुती गं."

"मग काय हवं हुतं?"

"त्यानं टोक धरलेलं बघायचं हुतं. तिकडं लांब हुबा ऱ्हायलेला, हाताला रग लागलेला, तोंड बंद असलेला जोतिबा. एवढंच हुतं ते. इतकी वर्सं मला वाटायचं, मला देवीची सेवा पायजे. आज बघितलं तर तो न्हाय आन् मला काय बी पायजे वाटंना. एक धागा इणावासा वाटंना." मग म्हणाला, "बुवा म्हनलेला, वेळ आली की कळतं."

खोटं आहे असं म्हणावंसं वाटलं, पण तोंडातून निघालं नाही, कारण खरं होतं. माझ्या भावाला मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं आणि मला त्याची किळस आली नाही. नुसतं वाईट वाटलं. महिना-दोन महिन्यांत कुणाबद्दल वाईट वाटण्याची ती पहिलीच खेप.

संध्याकाळी पंच पुन्हा देवळात जमले, अण्णाला जाब विचारायला. ताणा वाया गेला होता, सूत गल्लीनं वर्गणीतून आणलेलं. अण्णा म्हणाला, "सुताचं मी भरून देतो. पर कौल जोतिबाच्या घराला झालाय. देवीनं दिल्याला कौल तुम्ही कसा फिरवला? इचारलं व्हय तिला कुणी?"

"जोतिबा मेलाय, बसवंता."

"साडी अर्धी हाय, अजून मागावरच हाय. ती तो जिता असताना इणलीया. ऱ्हायलेली मी पुरी करतो, त्याच्याच मागावर, त्याच्याच घरची म्हणून. माझं नाव घ्यायचं न्हाय."

केदारीआप्पा म्हणाले, मग पुन्हा कौल लावून बघू. तेव्हा आमचा रवळू, जो माझ्याशी वर्षभर बोलला नव्हता, तो पुढे झाला. "मी न्हाय लावणार फूल," तो म्हणाला. "एकदा पडलंय ते पडलंय." पुजाऱ्यानंच हात आखडला म्हटल्यावर पंच काय करणार! नाइलाजानं का होईना, हो म्हणाले. मी मनातल्या मनात रवळूला डिंकाची माफी देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी अण्णा जोतिबाच्या मागावर बसला. मी सोबत गेले, रहाट घेऊन नाही, नुसतीच. भरमूदादा ओट्यावर विडी ओढत बसला होता. जयाबाई स्वयंपाकघरात, दाराआड. मागाजवळ तिनं यायचं नव्हतं.

विणकराला एक गोष्ट पोटातूनच ठाऊक असते. मागावरचा हात बदलला की कापडात दिसतो. फणीचा ठोका प्रत्येकाचा वेगळा. अण्णाचा ठोका जड, कापड घट्ट पडायचं. जोतिबाचा हलका. दोन हातांच्या मधे पट्टा उमटतो, आणि तो पट्टा देवीच्या अंगावर सगळी गल्ली बघणार, मेलेला कुठं थांबला ते बोटानं दाखवणार. अण्णानं धोटा फेकला, फणी ओढली. ठक्.

दाराआडून आवाज आला, "न्हाय."

अण्णा थांबला. पुन्हा धोटा, पुन्हा फणी.

"न्हाय. जड पडतोय. त्यांचा असा नव्हता."

मी अण्णाकडे बघितलं. माझ्या भावाला मागावर बसून कुणी शिकवलेलं मी पाहिलं नव्हतं. वाटलं, आता उठेल. तो उठला नाही. म्हणाला, "कसा हुता, सांग."

"धोटा गेल्यावर जरा थांबायचे. मग ओढायचे. ओढायचे म्हंजे नुसतं टेकवायचे बघा, दार लोटल्यागत."

ती बाई लग्न होऊन आल्यापासून त्या दाराआड स्वयंपाक करत होती आणि तो आवाज ऐकत होती. मागाला हात लावायची तिला मनाई होती. कानाला कोण मनाई करणार? अण्णा धोटा टाकायचा, थांबायचा, फणी टेकवायचा, आणि दाराआडून न्हाय यायचं. पुन्हा न्हाय. बोटभर कापड असं वाकडंतिकडं पडलं. अण्णाच्या कपाळावर घाम आला. एकदा तो म्हणाला, "कशाला थांबत हुता गं हा मधी?"

"बोलायला," जयाबाई म्हणाली. "माझ्याशी काय तरी बोलायचे."

अण्णानं धोटा टाकला, आणि एक वाक्य बोलून होईल एवढा थांबला, आणि फणी टेकवली. पुन्हा टाकला, थांबला, टेकवली. मी दाराकडे कान लावून बसले होते. न्हाय आलं नाही. आणखी एक धागा, आणखी एक. न्हाय आलं नाही. मग आतून काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला आणि जयाबाईनं हंबरडा फोडला.

जोतिबा गेला त्या दिवशी ती रडली नव्हती, बांगड्या फोडल्या तेव्हा रडली नव्हती. आता रडत होती. भरमूदादा विडी टाकून आत धावला. मीही उठले, आणि माझ्या गालावर ओलं लागलं तेव्हा कळलं की मीही रडतेय. अण्णानं मान वर केली नाही. माग थांबवला नाही. थांबला असता तर ठोका हातातून गेला असता, हे त्याला आणि तिला दोघांनाही ठाऊक होतं.

निघताना अण्णानं दाराआड विचारलं, "ते बोटभर वंगाळ पडलंय, तेवढं उसवू?"

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ते तुमचं हाय."

पौषी पुनवेला रवळूनं साडी नेसवायला घेतली. "जोतिबाच्या घरची साडी," असं तो मोठ्यानं म्हणाला. जयाबाई आणि मी देवळाबाहेर पारावर उभ्या होतो, आमच्यासारख्यांची जागा तीच. तिथूनही मला तो पट्टा दिसला, देवीच्या कमरेखाली उभा, बोटभर रुंद, घट्ट आणि काळसर. त्याच्या अलीकडे जोतिबाचा हात आणि पलीकडेही जोतिबाचाच. इतक्या वर्षांच्या हव्यासातून माझ्या भावाच्या वाट्याला देवीच्या अंगावर तेवढीच जागा आली.

जयाबाईला पट्टा दिसला की नाही, मी विचारलं नाही. ती देवीच्या निऱ्यांकडे बघत होती. रवळू निऱ्या घालत होता आणि कुणीतरी साडीचं दुसरं टोक धरायला हवं होतं. आत अण्णा ते धरून उभा होता, हात ताठ करून, निऱ्या संपेपर्यंत.